होडीतली स्कूटर

पाठाविषयी : कोकणात अनेक खाड्या आहेत. या खाड्यांवरून माणसांबरोबर दुचाकी गाड्याही होडीतून पलीकडे जातात. प्रस्तुत पाठात लेखिकेने आपल्या हातून झालेल्या एका चुकीची आठवण सांगितली आहे आणि होडीत गाडी कशी न्यावी, याची माहिती दिली आहे.

बी.एड. झाल्यावर मला पहिली नोकरी खाडीपलीकडच्या गावात मिळाली. आमचे घर खाडीच्या अलीकडे. समोरचा किनारा आमच्या गच्चीवरून दिसे, पण रस्त्याने जायचे तर लांबच्या पुलावरून वळसा घालावा लागे. त्याला दीड तास लागे. होडीने मात्र पंधरा मिनिटांत पलीकडे पोहोचता येई. अडचण एकच होती. पलीकडच्या धक्क्यापासून शाळा चार किलोमीटर दूर होती आणि वाट चढाची होती.

अब्बांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून मला एक स्कूटर घेऊन दिली. ते म्हणाले, ‘‘बेटी, गाडी तुझी. पण होडीत चढलीस की गाडी नाखव्याची, हे लक्षात ठेव.’’ तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ नीट कळला नाही.

आमच्या होडीचे नाखवा साठीचे होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचा सतरा-अठरा वर्षांचा पुतण्या त्यांच्या हाताखाली काम करी. मी धक्क्यावर पोहोचले की तो इंजीन बंद करायला सांगे. मग धक्का आणि होडी यांच्यामध्ये एक जाड फळी टाकली जाई. एक जण स्कूटरच्या पुढे आणि दोघे मागे, अशी ती हळूहळू उतरवत. काका ती होडीच्या बरोबर मधोमध, तळाच्या फळ्यांवर उभी करत. पुढचे चाक एका आडव्या लाकडाला टेकवत आणि मग चारही बाजूंनी दोर बांधत. या सगळ्याला पाच-सात मिनिटे लागत. मला वाटे, एवढ्याशा प्रवासाला एवढी बांधाबांध कशाला?

२०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. सहामाही परीक्षा संपली होती. अडतीस उत्तरपत्रिका तपासून मला दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायच्या होत्या. त्या स्कूटरच्या डिकीत होत्या. शाळेतून निघायला उशीर झाला. धक्क्यावर आले तेव्हा ओहोटी लागली होती. होडी बरीच खाली गेली होती. होडीत मधल्या जागेवर एक मोटारसायकल आधीच बांधलेली होती. बारा माणसेही बसली होती.

काका म्हणाले, ‘‘बाई, आता जागा नाही. पुढच्या फेरीला या. मी अर्ध्या तासात परत येतो.’’

मी हट्ट धरला. ‘‘काका, एका बाजूला ठेवा ना! पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे.’’

होडीतले लोकही म्हणाले, ‘‘घ्या हो, बाईंना उशीर होतोय.’’ काकांनी एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. शेवटी त्यांनी मान डोलावली. स्कूटर होडीच्या डाव्या कडेजवळ स्टँडवर उभी केली गेली. दोर कमी पडला, म्हणून ती एकाच बाजूने बांधली.

खाडीच्या मध्यावर आलो आणि शेजारून एक मोठी लाँच वेगाने गेली. तिच्या लाटा आमच्या होडीला येऊन भिडल्या. स्कूटरचा स्टँड सरकला. ती कडेला कलली आणि तिच्याबरोबर होडीही कलली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. स्कूटर धरायला मी उठले. माझ्याबरोबर आणखी चार-पाच जण त्याच बाजूला उठले. होडी अधिकच कलली. पाणी काठावरून आत आले.

‘‘बसा! कोणीही उठू नका!’’ काका ओरडले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आम्ही जागच्या जागी बसलो. काकांच्या पुतण्याने झेप घेऊन स्कूटर रोखली. होडी सावरली, पण त्याचा उजवा हात स्कूटर आणि होडीची कड यांच्यामध्ये चिरडला.

आम्ही सगळे सुखरूप किनाऱ्याला लागलो. उत्तरपत्रिकांना पाण्याचा थेंबही लागला नव्हता. मात्र त्या मुलाची दोन बोटे मोडली होती. पुढे सहा आठवडे त्याला दोर धरता आला नाही, की जाळे ओढता आले नाही. त्या दिवशी अडतीस मुलांची परीक्षा मी तपासली आणि माझ्या स्वतःच्या परीक्षेत नापास झाले.

त्या रविवारी अब्बांबरोबर मी काकांच्या घरी गेले. औषधपाण्याचा खर्च आम्ही दिला. पण पैशांनी चूक पुसली जात नाही. मी मान खाली घालून विचारले, ‘‘काका, मला सांगा, माझे नक्की काय चुकले?’’

काका रागावले नाहीत. त्यांनी एका परातीत पाणी भरले. त्यात एक लहान ताटली तरंगत सोडली. तिच्या मध्यभागी एक सुपारी ठेवली. ताटली सरळ राहिली. तीच सुपारी त्यांनी कडेला सरकवली. ताटली कलली, सुपारी घरंगळली आणि ताटली बुडाली. ‘‘वजन तेच होते, बाई,’’ ते म्हणाले, ‘‘फक्त जागा बदलली.’’

मुलांनो, काकांनी परातीत दाखवले, तेच विज्ञान आपल्याला पुस्तकात शिकवते. होडी आपल्या आणि आपल्यातील भाराच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, म्हणून ती तरंगते. भार मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना सारखे पाणी सारले जाते. भार कडेला गेला की तोल जातो. साध्या स्कूटरचे वजन सुमारे १०० ते ११० किलो असते. म्हणजे ५५ किलोची दोन माणसे एकाच जागी उभी राहिल्यासारखे झाले. ११० किलोची स्कूटर मध्यापासून एक मीटर डावीकडे ठेवली, तर तोल सांभाळायला ५५ किलोच्या माणसाला मध्यापासून दोन मीटर उजवीकडे बसावे लागेल. लहान होडीत एवढी जागा असते कुठे?

उंचीचाही विचार करावा लागतो. भार जितका खाली, तितकी होडी स्थिर. म्हणूनच गाडी तळाच्या फळ्यांवर ठेवतात, बाकावर किंवा उंच पाटावर ठेवत नाहीत. माणसांनीही बसून राहायचे ते याच कारणासाठी.

आता फळीचे गणित पाहू. समुद्राचे पाणी साधारणपणे दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ४ मीटरांहूनही अधिक फरक पडतो. धक्का जागचा हलत नाही, होडी मात्र पाण्याबरोबर वर-खाली होते. समजा, होडी धक्क्यापेक्षा १ मीटर खाली आहे आणि फळी २ मीटर लांब आहे. अशा वेळी गाडीच्या वजनाच्या निम्मा, म्हणजे ११० किलोच्या गाडीचा ५५ किलोइतका भार आपल्याला रोखून धरावा लागतो. फळी ४ मीटर लांब असेल, तर हाच भार पाव होतो, म्हणजे सुमारे २७ किलो. म्हणून जाणता नाखवा लांब फळी वापरतो आणि शक्यतो पाणी चढलेले असताना गाडी चढवतो.

गाडीचा स्टँड जमिनीवर उपयोगी पडतो, कारण जमीन हलत नाही. होडीत स्टँडवर विसंबून चालत नाही. दोर गाडीच्या पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंना बांधावे लागतात. ते इतके ताणावेत, की गाडीच्या स्प्रिंगा थोड्या दबतील. मग लाट आली तरी दोर सैल पडत नाही. मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये ठेवतात. गिअर नसलेल्या स्कूटरचा ब्रेक दाबून दोरीने बांधतात.

पेट्रोलचीही काळजी घ्यावी लागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता होडीच्या तळाशी साचते. तिथे एक ठिणगी पुरते. त्यामुळे टाकीचे झाकण घट्ट हवे, टाकी काठोकाठ भरलेली नको आणि होडीत विडी-काडी तर मुळीच नको. शिवाय खारे पाणी लोखंडाचा शत्रू आहे. पलीकडे पोहोचल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल द्यावे.

हे नियम केवळ आमच्या खाडीपुरते नाहीत. जगात काही लोक महिनोन्महिने शिडाच्या मोठ्या होडीवरच राहतात आणि बंदरामागून बंदर फिरतात. बंदरापासून बाजार दूर असतो, म्हणून काही जण होडीवर लहान स्कूटरही ठेवतात. डोलकाठीला जोडलेल्या आडव्या काठीला कप्पी लावून ते ती वर उचलून घेतात. पण खुल्या समुद्रात लाटा मोठ्या आणि प्रवास अनेक दिवसांचा. होडीच्या शेपटाकडे जड गाडी बांधली, तर तेवढा भाग पाण्यात खचतो. खाऱ्या तुषारांनी गाडी गंजते. दुसऱ्या देशात ती उतरवायची तर जकात, विमा आणि परवाना पाहावा लागतो. म्हणून अनेक जण शेवटी घडीची सायकलच पसंत करतात.

हलकी, घडी होणारी गाडी बनवण्याचे प्रयत्नही झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘वेलबाइक’ नावाची सुमारे ३२ किलोची मोटारसायकल बनवली होती. ती नळकांड्यात घालून पॅराशूटने खाली सोडत. १९८१ साली जपानच्या होंडा कंपनीने ‘मोटोकॉम्पो’ ही मोटारीच्या डिकीत मावणारी छोटी स्कूटर काढली. तिचे वजन सुमारे ४५ किलो होते. वजन जितके कमी, तितकी ती उचलायला आणि बांधायला सोपी.

आता कोकणातही बदल झाला आहे. २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. २०२० सालापासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाऊ लागली. अशा बोटीचा रुंद दरवाजा उतरंडीसारखा खाली येतो आणि गाडी थेट आत जाते. फळी नको, उचलणे नको. तरीही बोटीवरचे खलाशी गाड्या कुठे लावायच्या ते स्वतः ठरवतात, कारण बोट मोठी झाली म्हणून तोलाचा नियम बदलत नाही.

मुलांनो, या पाठातले काही शब्द तुम्हांला ओळखीचे वाटले असतील. ‘बंदर’, ‘लंगर’, ‘किनारा’ हे शब्द फारसीतून आले. ‘जहाज’ आणि ‘खलाशी’ अरबीतून आले. ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला ‘नाख़ुदा’, होडीचा मालक. उर्दूत आणि मराठीत हे शब्द एकाच पाण्यावरून आले आहेत. अब्बा ‘गाडी नाखव्याची’ असे का म्हणाले, ते आता मला कळते.

काकांचा पुतण्या आज एका फेरीबोटीवर खलाशी आहे. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अजूनही पुरती सरळ होत नाहीत. मी कधी त्या बोटीने जाते, तेव्हा तो हात वर करून म्हणतो, ‘‘थांबा, बाई.’’ मागे कितीही गाड्या असोत, मला कितीही उशीर झालेला असो, मी इंजीन बंद करते आणि थांबते.

शब्दार्थ
नाखवा – होडीचा मालक, होडी चालवणारा (उर्दू : नाख़ुदा)
होडी – लहान नाव (उर्दू : किश्ती)
तोल – समतोल (उर्दू : तवाज़ुन)
कलणे – एका बाजूला झुकणे
डोलकाठी – होडीवरचा शिडाचा उभा खांब
कप्पी – जड वस्तू उचलण्यासाठी वापरायचे खाचेचे चाक
तुषार – पाण्याचे बारीक थेंब
जकात – मालावरचा कर (उर्दू : महसूल)

वाक्प्रचार व अर्थ
हट्ट धरणे – आपलेच म्हणणे पुरे करायला लावणे
काळजाचा ठोका चुकणे – अतिशय घाबरणे
मान खाली घालणे – शरमिंदे होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी स्कूटर कोणत्या पैशांतून घेतली?
(आ) काका गाडी होडीत कोठे उभी करत?
(इ) पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी का साचते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) त्या संध्याकाळी काकांनी स्कूटर घ्यायला प्रथम नकार का दिला?
(आ) लोक एकाच बाजूला उठल्यावर काय झाले?
(इ) ‘माझ्या स्वतःच्या परीक्षेत नापास झाले’ असे लेखिका का म्हणते?

३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (मध्ये, कडेला, लांब, ओहोटी)
(अ) भार ........ गेला की तोल जातो.
(आ) जाणता नाखवा ........ फळी वापरतो.
(इ) लेखिका धक्क्यावर आली तेव्हा ........ लागली होती.

४. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : परातीत पाणी भरून त्यात ताटली तरंगवा. ताटलीत खोडरबर मध्यभागी, कडेला आणि उभे ठेवून पाहा. काय दिसले ते पाच वाक्यांत मराठीत लिहा.