रेल्वे मॉडेलची मोजपट्टी: कागदापासून स्टीलपर्यंत किती खर्च?

घरी एचओ मापात रेल्वे उभारणाऱ्याच्या हातात दिवसभर असते ती मोजपट्टी. एचओ म्हणजे १:८७, काटेकोर बोलायचं तर १:८७.१. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालयही याच मापाचं. या मापात खरा एक मीटर ११.४८ मिमी होतो आणि २३.५४ मीटरचा एलएचबी डबा २७० मिमीचा. तो एका दमात मोजता यावा म्हणून ३० सेंमीचीच पट्टी करा. तिच्यावर २६ मीटर मावतात.

आराखडा फुकटात होतो, इंकस्केप पुरेसं आहे. फक्त ११.४८ चं ११.५ करून एकापुढे एक रेघा चिकटवत जाऊ नका. पट्टीच्या टोकाला जवळपास अर्धा मिलीमीटर चूक साठते. प्रत्येक रेघेचं अंतर शून्यापासून काढा. बारीक रेघ दर १० सेंमीला पुरे. ५ सेंमीच्या रेघा अर्ध्या मिलीमीटरवर येतात आणि वाचता येत नाहीत.

रुळांच्या खुणा मात्र विचारपूर्वक घाला. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमीचा, पण तो परदेशी १४३५ मिमी गेजसाठी आहे. आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज १९.२ मिमी भरतो. मनमाडहून संभाजीनगरला येणारी जुनी मीटरगेज गाडी करायची असेल, तर १२ मिमीची खूणही हवी.

पहिला नमुना कागदावर काढा. ३० सेंमी लांबीला ए३ कागद लागतो, खर्च काही रुपयांचा. छापताना माप शंभर टक्क्यांवरच ठेवा. ही पायरी कुणीही गाळू नये.

पुढचा टप्पा अॅक्रिलिकचा. संभाजीनगरजवळच्या चितेगावहून लेझरच्या जॉबवर्कसाठी वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसी गाठावी लागते. एका पट्टीला माल नगण्य लागतो, पैसे जातात ते किमान आकारणीत. समजा ती ३०० रुपये असेल, तर एक पट्टी ३०० ला पडते आणि त्याच वेळात दहा निघाल्या तर प्रत्येकी तीसला. म्हणून चार छांदिष्ट मिळून ऑर्डर द्या. जाण्याचा खर्चही धरा. एक खेप वाचवायची तर डीएक्सएफ फाइल आधी पाठवून दर जीएसटीसह विचारा. पारदर्शक पट्टीवर खुणा मागच्या बाजूने, उलट्या कोरून घ्या. मग रेघ थेट कामाला टेकते आणि तिरकं पाहिलं तरी माप चुकत नाही. पीव्हीसी लेझरखाली देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.

स्टीलला वेगळा, फायबर लेझर लागतो आणि दरही चढा असतो. पट्टी धरून सुरीने कार्ड कापणाऱ्यानेच तो खर्च करावा, कारण अॅक्रिलिकची कड सुरीने खरवडली जाते. बाकीच्यांना अॅक्रिलिक पुष्कळ झालं.

माल घेताना खिशात चांगली स्टीलची पट्टी ठेवा. शून्य ते १० मीटर हे अंतर ११४.८ मिमी भरलं पाहिजे. नाही भरलं, तर पैसे देण्याआधी तिथेच दाखवा.