इंजिन बदललं, एसी मात्र बंद पडला

प्रश्न : माझी २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. मे महिन्यात कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली आणि इंजिन सीझ झालं. ओळखीचा गॅरेजवाला म्हणाला, ‘नवीन इंजिन परवडणार नाही, कुर्ल्याहून त्याच कंपनीचं जुनं आणून बसवतो.’ ६५ हजार ठरले, त्यातले ५७ हजार दिले. इंजिन बसून आठवडा झाला. गाडी छान चालते, पण एसी नुसता वारा फेकतो. पूर्वी तो उत्तम गार करायचा. गॅरेजवाला म्हणतो, ‘ठरलं ते इंजिनाचं. एसीचे १४ हजार वेगळे. बाकीचे ८ आणि हे १४ आल्याशिवाय गाडी सोडणार नाही.’ माझ्याकडे कच्ची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एवढंच आहे. काय करावं?
— एक वाचक, कोपर, डोंबिवली (पश्चिम)

उत्तर : तुमच्या पत्रात एसी आहे, पैसे आहेत, गॅरेजवाला आहे, आरटीओ कुठेच नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे. आरसीवर जुन्या इंजिनाचा नंबर आहे आणि बॉनेटखाली दुसराच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल, तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावं लागतं. तुमच्यासाठी ते म्हणजे कल्याणचं आरटीओ, एमएच-०५. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो, इंजिन नंबर पडताळतो आणि मग नोंद होते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.

नोंद टाळली तर? विम्याच्या पॉलिसीवरही जुनाच नंबर आहे. उद्या अपघात झाला, तर सर्व्हेअर पहिल्यांदा चासी आणि इंजिनाचे नंबर पाहतो. शिवाय २०२८ मध्ये तुमच्या गाडीला १५ वर्षं होतील आणि नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी होईलच. बसवलेलं इंजिन त्याच मॉडेलचं, तेवढ्याच सीसीचं असेल तर प्रश्न सोपा. वेगळ्या क्षमतेचं असेल तर मात्र सावध व्हा. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

आणखी एक कागद गॅरेजवाल्याकडून आजच मागा : कुर्ल्याच्या विक्रेत्याचं इंजिन नंबर लिहिलेलं बिल. ज्या गाडीतून ते काढलं, तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मिळाला तर फारच बरं. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर ‘मला माहीत नव्हतं’ या म्हणण्याला आधार त्या कागदाचाच.

आता एसी. कॉम्प्रेसर इंजिनाच्या अंगावरच बोल्ट केलेला असतो आणि इंजिनाच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. त्याला हात न लावता इंजिन उतरवता येत नाही. जाणकार मेकॅनिक कॉम्प्रेसर पाइपांसकट सोडवून बाजूला बांधून ठेवतो, म्हणजे गॅस जात नाही. पाइप खोलले की गॅस जातो, आत ओलावा शिरतो. मग ड्रायर आणि ओ-रिंग बदलणं, व्हॅक्यूम काढणं, तेल आणि गॅस भरणं आलंच. तेव्हा ‘एसीचं काम वेगळं’ हे म्हणणं पूर्ण खरं नाही. इंजिन तेच असेल तर जुना कॉम्प्रेसर जुन्याच ब्रॅकेटवर बसायला हवा, आणि पाइप त्याने खोलले असतील तर तो खर्च त्याचा. इंजिन दुसऱ्या व्हेरिएंटचं असेल, तर ब्रॅकेट, पट्टा, पाइप, वायरिंग यांचा वाढीव खर्च खरा असू शकतो. पण तो काम घेण्याआधी सांगायचा असतो, गाडी अडवून नव्हे.

पैसे देण्याआधी एवढं करा. इंजिन सुरू ठेवून एसीचं बटण दाबा आणि कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून ओढतो का ते ऐका. ओढत नसेल तर दोन शक्यता ठळक : गॅस कमी असल्याने प्रेशर स्विचने अडवलं आहे, किंवा इंजिनाच्या कंट्रोल युनिटपर्यंत (ईसीएम) एसीचा सिग्नलच पोचत नाही. दुसऱ्या प्रकारात वायर जोडून काम भागतं. १४ हजारांचा प्रश्नच येत नाही. गाडी हाती आली की दुसऱ्या एसीवाल्याकडून तपासून घ्या आणि दोष लेटरहेडवर लिहून घ्या. उद्या ग्राहक आयोगात जावं लागलं, तर तोच तुमचा साक्षीदार.

गाडी अडवण्याबद्दल. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी कारागीर वस्तू ताब्यात ठेवू शकतो. म्हणजे ८ हजारांसाठी त्याला थोडं बोलायला जागा आहे. जे काम अजून केलंच नाही, त्याच्या १४ हजारांसाठी अजिबात नाही. मी तुमच्या जागी असतो तर ८ हजार यूपीआयने दिले असते, ‘एसीबाबतचे हक्क राखून’ असा व्हॉट्सॲप संदेश पाठवला असता आणि गाडी आणली असती. गाडीशिवाय आरटीओची तपासणी होणार नाही, हेही लक्षात घ्या.

एवढ्यावर तो ऐकला नाही तर लेखी नोटीस, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच्याकडे जीएसटी नंबर नसेल तर त्यावरून भांडू नका. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला तो लागत नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, आणि निकाल लागेपर्यंत तो हँडसेटही विकू नका.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. आरटीओच्या १४ दिवसांतला एक आठवडा मात्र संपला आहे. येत्या सोमवारी कल्याण गाठा.