बूड बघून बॅग घ्या

जून उजाडला की आमच्या कराटेच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. शाळेचं मैदान चिखलाने भरलेलं असतं, वर्गांना सुट्ट्या पडू लागतात आणि ग्रेडिंगच्या, म्हणजे बेल्टच्या परीक्षेच्या, तयारीतली मुलं अस्वस्थ होतात. मग कुणाचे तरी बाबा मोबाइल पुढे करतात. "मॅडम, घरात ठेवायला उभी पंचिंग बॅग घेतोय. यातली कोणती घेऊ?" फोटोत काळी चकचकीत बॅग असते, तिच्यावर लाल अक्षरं असतात. बॅग ज्यावर उभी आहे तो प्लास्टिकचा तळ फोटोच्या खालच्या कडेला अर्धा कापलेला असतो. मी आधी तो तळ दाखवायला सांगते. मग विचारते, कितव्या मजल्यावर राहता, खाली कोण राहतं, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि बॅगेवर नुसते पंच मारणार की किकही?

या चार प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी कोणाला बॅग सुचवत नाही. त्यामागे माझ्या स्वतःच्या ठाण्यातल्या घरात घडलेली एक गोष्ट आहे. ती पुढे सांगतेच.

आधी हे स्पष्ट करते की साखळीने टांगलेली बॅग सरावाला केव्हाही उजवी. ती मार नीट पेलते, मागे जाऊन ठरावीक लयीत परत येते, आणि तिच्याभोवती फिरताना पायांचं काम शिकता येतं. पण टांगायची कुठे? पंख्याच्या हुकाला बॅग लावायचा विचार मनातही आणू नका. तो हुक पंख्याच्या वजनासाठी असतो, बॅगेच्या झटक्यांसाठी नाही. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा बोल्ट ठोकून बॅगेचा ब्रॅकेट लावला तर रोजच्या हादऱ्यांनी भोक मोठं होत जातं आणि एक दिवस बोल्ट ब्लॉकच्या भुग्यासकट हातात येतो. मायवान पद्धतीने बांधलेल्या टॉवरमध्ये तर भिंतीच इमारतीचा भार घेतात. तिथे ड्रिल चालवण्याआधी सोसायटीची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. भाड्याच्या घरात छताला भोक पाडू देणारा घरमालक विरळाच. म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला उभी बॅग येते. ती घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त ती पारखून घ्यावी लागते.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी बॅग पाणी भरायच्या तळाची होती. दुकानदाराने सांगितलं होतं, सोबतच्या कागदावरही लिहिलं होतं, "तळ पाण्याने काठोकाठ भरा." तसाच भरला. खिडकीजवळ ठेवली, कारण घरात तेवढीच मोकळी जागा होती. तिथे दुपारचं ऊन थेट तळावर यायचं. प्रत्येक मे-गेरीबरोबर, म्हणजे समोरच्या किकबरोबर, बॅग टाइल्सवरून बोटभर सरकायची आणि सराव संपला की मी ती ढकलून जागेवर आणायची. असं बरेच महिने चाललं. एका रात्री बुचाशेजारी, जिथे साच्याच्या दोन कडा जुळतात त्या रेघेवर, तळ तडकला. सकाळी उठले तर खोलीत फारसं पाणी नव्हतं. ते टाइल्सच्या सांध्यांमधून खाली गेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "अगं, आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय, पंख्याच्या वायरपाशी ओल आलीय." आम्ही धावत जाऊन त्यांचा मेन स्विच बंद केला. पीओपीचा एक तुकडा पलंगावर पडला होता. त्या खोलीत त्यांचा नातू झोपतो. सुदैवाने त्या रात्री तो तिथे नव्हता.

दुकानदाराला फोन केला तेव्हा कळलं की वॉरंटी फक्त शिलाईची होती. तळ सुटा मिळतच नव्हता, पूर्ण बॅगच नवी घ्यावी लागणार होती. काकूंच्या खोलीचं प्लास्टर आणि रंग आम्ही करून दिला. पण वायरपाशी आलेली ती ओल आठवली की आजही पोटात गोळा येतो. माझ्या वर्गातल्या एकाही घरात असं घडू नये म्हणून मी प्रत्येकाला बसवून हे सगळं सांगते.

तळापासून सुरुवात करू. उभी बॅग म्हणजे खाली पोकळ प्लास्टिकचा तळ, त्यात उभा केलेला खांब आणि खांबाभोवती फोम. सगळी मदार तळातल्या वजनावर असते. जाहिरातीत बॅगेचं वजन दिलेलं असतं ते रिकाम्या बॅगेचं, त्याचा उपयोग फक्त जिन्यातून वर नेणाऱ्याला. तुम्ही विचारायचं ते हे की तळात किती लिटर मावतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कोरडी वाळू लिटरला साधारण 1.6 किलो भरते. म्हणजे 60 लिटरच्या तळात पाणी भरलं तर 60 किलो, वाळू भरली तर 95 किलोच्या आसपास. वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी ओतलं तर तोच तळ 120 किलोपर्यंत जातो. प्रौढ माणूस किक मारणार असेल तर भरलेला तळ 100 किलोच्या खाली नसावा, असं मी आग्रहाने सांगते.

पाणी भरणं सोपं आणि घर बदलताना ओतून देणंही सोपं, म्हणून भाडेकरू पाणी निवडतात. माझा कल मात्र ठामपणे कोरड्या वाळूकडे आहे. तळ तडकला तर वाळू फरशीवर सांडेल, झाडून घेता येईल, खालच्या घरात जाणार नाही. वाळू भरायला वेळ लागतो, नरसाळं लागतं, आणि ती आधी गच्चीवर पसरून खडखडीत वाळवावी लागते. ओलसर वाळू तळात गेली की कुबट वास सुटतो आणि तो जात नाही. समुद्रकाठची वाळू आणू नका, तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळणारी चाळलेली वाळू किंवा बारीक क्रश चालते. तळमजल्यावर राहत असाल, खाली कोणी नसेल, तर वास सोसायची तयारी ठेवून वाळू आणि पाणी दोन्ही भरा.

पाणीच भरायचं ठरवलं तर ते अगदी वरपर्यंत भरा. वर हवेची जागा राहिली की प्रत्येक माराबरोबर पाणी आत हिंदकळतं आणि बॅग डोलत राहते. चमचाभर ब्लीच टाकलं की शेवाळ धरत नाही. बूच घट्ट लावा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि सैल बुचाचा तळ त्याला पुरेसा होतो. तळाखाली कडा असलेला मोठा ट्रे ठेवा. सगळं पाणी त्यात मावणार नाही, पण बारीक गळती सुरू झाली की लगेच दिसेल. ऊन थेट पडेल अशा ठिकाणी बॅग ठेवू नका, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं.

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे तळाचा घेर, आणि तो बहुतेक लोक विचारतच नाहीत. हिशोब साधा आहे. तळाचा व्यास 60 सेंटिमीटर आणि वजन 100 किलो असेल, तर जमिनीपासून 120 सेंटिमीटर उंचीवर सुमारे 25 किलोचा सलग रेटा दिला की तळाची एक कड उचलायला लागते. तळ 45 सेंटिमीटरचा आणि वजन 60 किलो असेल तर त्याच उंचीवर 11 किलोचा रेटा पुरतो. बारा वर्षांचं मूलही तेवढं सहज ढकलतं. झटकन मारून मागे घेतलेला पंच क्षणभरच टेकतो, त्यामुळे बॅग नुसती हलते. पाय टेकवून ढकलणारी किक जास्त वेळ रेटा देते. मे-गेरीचा ढकलणारा प्रकार किंवा मुय थायमधली टीप ही किक हलक्या तळाच्या बॅगेला सरळ आडवी करते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी बॅग अशीच पडली, तीही मागे उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या पायाशी. तेव्हापासून मी सांगते की बॅगेच्या मागे तिच्या उंचीइतकी जागा मोकळी हवी. तिथे काचेचा दरवाजा नको, टीव्ही नको, आणि सराव चालू असताना लहान मूल तर मुळीच नको.

काही बॅगांना खाली स्प्रिंग असतं, काहींना तळाशी रबरी चकत्या असतात ज्या फरशीला चिकटतात. गुळगुळीत टाइलवर चकती धरते, पण ती दोन टाइल्सच्या सांध्यावर आली की हवा शिरते आणि सुटते. खडबडीत कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर तिचा उपयोग नाही. स्प्रिंगची बॅग लांब झुकून परत येते, त्यामुळे नजर आणि चुकवणं यांचा सराव होतो, मात्र जोरदार मारासाठी ती नव्हे. फुगवायची हवेची बॅग सहा-सात वर्षांच्या मुलाला खेळायला द्या. पंचाचं तंत्र तिच्यावर शिकवू नका.

मग येतो फोम. दुकानात गेलात तर मूठ वळून बॅगेत हळूहळू दाबा, पूर्ण जोर लावून. बोटांना आतला खांब जाणवला तर ती बॅग ठेवून द्या. नवी असताना एवढं जाणवत असेल तर काही महिन्यांत फोम बसेल आणि तुम्ही थेट पाइपवर पंच मारत असाल. करंगळीच्या रेषेतलं तळहाताचं हाड तिथेच मोडतं, डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. पंच तर्जनी आणि मधलं बोट यांच्या गाठींवर लागायला हवा. दमल्यावर मूठ तिरकी होते आणि मार करंगळीकडे जातो. म्हणून घरी, एकटं असताना, हाताला साडेचार मीटरची पट्टी आणि वर 12 औंसचे ग्लव्हज घातल्याशिवाय बॅगेला हात लावायचा नाही. कराटेवाल्यांना उघड्या मुठीचा मोह होतो, मला ठाऊक आहे. ओकिनावातली माकिवारा फळी उघड्या मुठीने मारण्यासाठी असते, पण ती मार बसला की लवचीकपणे मागे झुकते आणि तिच्यावर थोडे, मोजके पंच मारतात. प्लास्टिकच्या खांबावर चढवलेला फोम ही वेगळी वस्तू आहे.

किक मारणाऱ्यांनी आणखी एक मापून घ्यावं. फोम जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतो? बऱ्याच बॅगांत गुडघ्यापर्यंत नुसता तळ आणि मान असते. लो किक तिथे मारता येत नाही, आणि अंदाज चुकला तर नडगी कडक प्लास्टिकवर आदळते. लो किकचा सराव हवा असेल तर जोडीदाराच्या हातातलं पॅडच बरं.

मुलांसाठी उंची बदलता येणारी बॅग घ्या, म्हणजे बॅगेचं टोक मुलाच्या डोक्याच्या थोडं वर राहील. वाढत्या वयात हाडांची टोकं अजून कोवळी असतात. आठवड्यात दोन-तीन वेळा, हलक्या हाताने, अंतर आणि वेळ साधण्यापुरता सराव पुरे. जोर वाढवायची घाई आईवडिलांनाच जास्त असते, आणि त्यांना थांबवायला मला कधी कधी आवाज चढवावा लागतो.

स्लॅबला एवढं वजन पेलेल का, ही काळजी अनेकांना असते. राहत्या खोल्यांचे स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात, आणि बॅगेचं वजन तळाखालच्या वर्तुळापुरतं न राहता आजूबाजूच्या स्लॅबवर पसरतं. सुस्थितीतल्या इमारतीला ती भरलेल्या लोखंडी कपाटापेक्षा जड नसते. जुन्या इमारतीच्या बाहेर आलेल्या गॅलरीत मात्र ठेवू नका. तिथे सळ्या गंजलेल्या असू शकतात आणि तुम्ही वजनाबरोबर हादरेही देणार आहात.

खरा त्रास आवाजाचा. मार बसला की तळाचा दणका स्लॅबमधून खाली उतरतो. खालच्या घरातल्या माणसाला तो पंचासारखा नाही, डोक्यावर कोणी सामान टाकल्यासारखा ऐकू येतो. तळाखाली जिममध्ये वापरतात तशी जाड रबरी टाइल घाला. एकमेकांत अडकणाऱ्या मऊ फोमच्या चटया तुमच्या पायांखाली ठीक, बॅगेखाली नको. तळ त्यात रुततो, एका बाजूला कलतो आणि बॅग लवकर पडते. बॅग आणल्याच्या दिवशीच खाली जाऊन सांगा, "काकू, संध्याकाळी सहा ते सात आवाज येईल, चालेल ना?" त्यांच्या घरी कोणी आजारी असेल, बाळ असेल, दहावीचं मूल असेल, तर वेळ त्यांनी ठरवावी.

कोकणपट्टीच्या हवेत रेक्झिनचं आवरण दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटायला लागतं, अस्सल कातड्यावर बुरशी येते. सराव झाला की कोरड्या फडक्याने पुसा, आवरणाची चेन उघडून पंख्याखाली हवा लागू द्या. मेरठ आणि जालंधरमध्ये बनलेल्या साध्या जाड कॅनव्हासच्या आवरणांनी माझ्याकडे चांगला टिकाव धरला आहे.

उभ्या बॅगा जुन्या बाजारात पुष्कळ येतात, कारण अनेकांचा उत्साह पावसाळ्यापुरता असतो. अशी बॅग घेताना लाज न बाळगता तळ उलटा करायला सांगा. बुचाभोवती आणि साच्याच्या रेघेवर बोट फिरवा. पांढरट पडलेली जागा म्हणजे प्लास्टिक ताणलं गेलं आहे, तिथून ते तडकणार. मग विकणाऱ्याच्याच गच्चीवर तळ पाण्याने भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि दोन-तीन तासांनी या. कागद कोरडा असेल तरच पैसे द्या.