उतरताना बाळ जागं हवं

मुलगा नऊ महिन्यांचा असताना मी एकटीने त्याला घेऊन अमेरिकेत नेवार्कला गेले. नवरा आधीच एडिसनला कामावर रुजू झाला होता. मुंबईहून थेट विमान, पंधरा-सोळा तासांचा प्रवास. ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत पंधरा दिवस एकच चर्चा: एवढं लहान लेकरू इतका वेळ विमानात राहील कसं? आणि उत्तरही एकच, झोपवून ने. नणंदेने तर उपायच सांगितला. ‘‘वहिनी, सर्दीचं सिरप अर्धा चमचा द्या. पोहोचेपर्यंत डोळे उघडत नाही.’’

मी दिलं. हे लिहिताना आजही हात थांबतो. पण हा सल्ला अजून घरोघरी मायेनेच दिला जातो, म्हणून लिहिते आहे.

विमान रात्री दीडचं होतं. आठलाच निघालो. मुलुंड-ऐरोली पूल ओलांडून टॅक्सी पवईच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि बाळ तिथेच गाढ झोपलं. सहार विमानतळावर पोहोचलो तेव्हा ते टक्क जागं. विमानात बसल्यावर मी औषध पाजलं, आणि झालं उलटंच. अशा औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी पिसाळल्यासारखी होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन तास तो डोळे चोळत, माझी मान ओरबाडत राहिला. ना दूध, ना झोप. शेवटी दमून झोपला, उठला, पुन्हा रडला. अकरा-बारा तासांनी मी हरले आणि आणखी अर्धा चमचा दिला.

या वेळी तो झोपला. इतका, की त्याचा हात उचलून सोडला तर तसाच मांडीवर पडायचा. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘किती शांत झोपलंय!’’ मला मात्र धडकी भरली. पुढचा सगळा वेळ मी त्याच्या नाकापुढे बोट धरून बसले होते. विमान उतरायला लागलं तेव्हाही तो झोपेतच होता. मग एकदम किंचाळत उठला. मूठ कानावर, तोंड वासलेलं, स्तन तोंडात धरेना. विमान टेकलं, दार उघडलं, इमिग्रेशनची रांग लागली, तरी रडणं थांबेना.

बाळाला दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मला बसवून नीट समजावलं. विमान अडतीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ, कारण ते ५४०० फुटांचं. वर जाताना कानाच्या पडद्यामागची हवा सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, आणि घशापासून कानापर्यंतची बारीक नळी मुख्यतः आपण गिळतो तेव्हा उघडते. बाळाची नळी अरुंद आणि आडवी. झोपेत ते फारसं गिळत नाही, मग पडदा आत ओढला जातो आणि ठणका लागतो. मी झोपवलं होतं नेमकं त्या वेळी, जेव्हा त्याने जागं असायला हवं होतं.

औषधाबद्दल ते जास्त गंभीर झाले. कमी प्राणवायूच्या हवेत, इतक्या लहान जिवाचा श्वास मंद करू शकेल असं काही द्यायचंच नाही. आपल्याकडेही २०२३च्या डिसेंबरमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनायलेफ्रिन एकत्र असलेल्या सर्दीच्या औषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी काढला आहे. २०२५मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या दूषित औषधाने गेली. त्यांतल्या कितीतरी जणांवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका. घरातली उरलेली बाटली प्रवासाच्या पिशवीत टाकण्याआधी हे आठवा. बाळाला सर्दी असेल किंवा कान दुखत असेल, तर निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना कान दाखवा, आणि ते ‘नको’ म्हणाले तर तिकीट पुढे ढकला.

बाकीचं थोडक्यात सांगते. बाळाचा पासपोर्ट वेगळा लागतो. आई किंवा बाबा एकटेच नेत असतील तर जन्मदाखल्याची प्रत आणि दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा. बाळाच्या दुधाला शंभर मिलिलिटरची मर्यादा लागू होत नाही, पण तपासणीला ते वेगळं काढून दाखवा. बॅसिनेटची, म्हणजे विमानातल्या पाळण्याची, जागा तिकीट काढतानाच मागा आणि किती वजनापर्यंत चालतं ते विचारा. मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. विमान हलायला लागून पट्ट्याचा दिवा लागला, की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. माझ्यावर ती वेळ पाच वेळा आली. आतली हवा फार कोरडी असते, त्यामुळे अंगावरचं दूध घरच्यापेक्षा जास्त वेळा द्या. आणि कपड्यांचा एक जोड स्वतःसाठीही घ्या. बाळाचे सहा आणि माझा एकही नाही, अशी माझी पिशवी होती.

चार महिन्यांनी परत आलो. या वेळी सिरप नव्हतं, पाण्याची छोटी वाटी आणि चमचा होता. समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा दिसतो, त्यावर माझी नजर होती. टेकायच्या साधारण अर्धा तास आधी तो घसरायला लागला, तसं मी मुलाला उठवलं. कुरकुरला, मग दुधाला लागला. पोट भरल्यावर चमचाचमचा पाणी. प्रत्येक घोटाला त्याचा गळा हलताना बघत होते.

पलीकडच्या रांगेत एक तरुण आई, तिची चार-पाच महिन्यांची मुलगी खांद्यावर गाढ झोपलेली. मी म्हटलं, ‘‘उठवा तिला.’’

ती दचकली. ‘‘अहो ताई, आत्ता कुठे डोळा लागलाय.’’

‘‘रडली तर रडू द्या. उठवा आणि पाजा, लगेच.’’

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वाटीकडे. मग मुलीचे तळवे हळूच चोळायला लागली.