विकत आणलेल्या शोभिवंत माशांचे आजार : निदान व उपचार

शेतीला जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांचे संगोपन करण्याकडे अनेक कुटुंबांचे लक्ष वळू लागले आहे. घराच्या पडवीत दोन-चार काचेच्या टाक्या अथवा परसात एखादा सिमेंटचा हौद असला, की गप्पी, मोली, सोनमासा यांसारख्या माशांची पैदास करता येते. परंतु या धंद्यात पडणाऱ्या नवख्या माणसाला पहिला फटका बहुधा एकाच प्रकारे बसतो. बाजारातून आणलेली नवी जोडी हौसेने जुन्या टाकीत सोडली जाते. आठ-दहा दिवसांत नवे मासे मरतात आणि वर्षभर जोपासलेले जुने पैदाशीचे मासेही त्यांच्या पाठोपाठ जातात.

बाजारातून आणलेला बैल त्याच दिवशी गोठ्यातील जनावरांत बांधू नये, हे कोणाही जाणत्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. खुरकताची धास्ती त्याला ठाऊक असते. हाच नियम माशांना अधिक कडकपणे लागू आहे. कारण गोठ्यातील जनावरांत निदान चार हातांचे अंतर असते, टाकीतील सर्व मासे मात्र एकाच पाण्यात श्वास घेतात.

नवा मासा आजारी का पडतो ?

शोभिवंत माशांच्या व्यापाराची मोठी केंद्रे कोलकाता व चेन्नई येथे आहेत. तेथून प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मासे दूरवर पाठविले जातात. प्रवासात मासा उपाशी असतो, दाटी असते व पिशवीतील पाण्यात त्याच्याच उत्सर्गातून अमोनिया साठत जातो. या ताणामुळे त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि अंगावर अल्प प्रमाणात असलेले परजीवी व जंतू जोर धरतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पाण्याचा सामू खाली येतो व अमोनिया बव्हंशी निरुपद्रवी स्वरूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो आणि सामू चढू लागतो. सामू ७ वरून ८ झाला, की अमोनियाचा विषारी भाग सुमारे नऊ पटींनी वाढतो. म्हणून बंद पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून उष्णता सारखी करावी. मात्र दूरच्या प्रवासाहून आलेली पिशवी एकदा उघडल्यावर मासे फार वेळ त्या पाण्यात ठेवू नयेत. मासे जाळीने अलगद उचलून टाकीत सोडावेत आणि पिशवीतील पाणी टाकीत न ओतता फेकून द्यावे.

खरेदीच्या वेळची पारख

दुकानातील एका टाकीत जरी मेलेला मासा दिसला, तरी त्या टाकीतील कोणताही मासा घेऊ नये. निरोगी मासा पर पसरून पोहतो, खाद्य टाकताच धावून येतो व त्याच्या कल्ल्यांची उघडझाप संथ असते. पर अंगाशी मिटलेला, कोपऱ्यात बसलेला, पोट खपाटीला गेलेला किंवा दगडाला अंग घासणारा मासा स्वस्त मिळाला तरी तो महागच पडतो.

विलगीकरण

नवीन मासे तीन ते चार आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवावेत. यासाठी ४० लिटर पाणी मावेल असा प्लॅस्टिकचा टबही चालतो. त्यात हवेचा पंप व साधी स्पंजची गाळणी असावी. जाळी, नळी व बादली या टाकीपुरती वेगळी ठेवावी; जुन्या टाकीची कामे आधी उरकून मग या टाकीत हात घालावा. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असल्यास ते उघड्या भांड्यात २४ तास ठेवून अथवा सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन नाहीसे करून वापरावे.

आधी पाणी तपासावे

मासा आजारी दिसताच औषधाच्या बाटलीकडे हात जाणे ही सर्वांत सामान्य चूक होय. सर्व मासे एकाच वेळी पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेऊ लागले, तर तो बहुधा रोग नसून पाण्याचा दोष असतो : प्राणवायूची उणीव, अमोनिया अथवा क्लोरीन. याउलट एक-दोन मासे आजारी पडून लक्षणे हळूहळू इतरांत पसरत गेली, तर संसर्गाचा संशय घ्यावा.

नव्या टाकीत अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे थोडे ठेवावेत, खाद्य कमी द्यावे व पाणी अंशतः बदलत राहावे. तपासणी संचाने अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास पाव ते एक तृतीयांश पाणी त्याच दिवशी बदलावे. पुष्कळ वेळा एवढ्यानेच मासे सुधारतात.

लक्षणांवरून निदान व उपाय

पांढरे ठिपके : अंगावर व परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात आणि मासा अंग घासतो. हा एकपेशीय परजीवीचा रोग होय. परजीवी पक्व झाल्यावर माशाचे अंग सोडून तळाशी जातो, तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात व ती नव्या माशाचा शोध घेतात. औषध या पोहणाऱ्या पिल्लांवरच लागू पडते, त्वचेखालील ठिपक्यांवर नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवू नये. तो किमान दोन आठवडे चालू ठेवावा. दर लिटर पाण्यास २ ग्रॅम मीठ द्यावे व पाण्याची उष्णता हळूहळू २९ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, यास्तव हवेचा पुरवठा वाढवावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींनंतर या रोगाकडे विशेष लक्ष द्यावे.

सोनेरी धूळ : विजेरीच्या तिरप्या उजेडात अंगावर पिवळसर भुकटी चमकते व श्वास जलद चालतो. हाही परजीवीच होय. मीठ व उष्णता यांखेरीज टाकी झाकून अंधार केल्यास त्याची वाढ मंदावते.

कापसासारखे पुंजके : जखमेवर कापसाचे तंतू वाढल्यासारखे दिसल्यास ती बुरशी समजावी. विलगीकरण टाकीत दर लिटरला २ मिलिग्रॅम मिथिलिन ब्लू द्यावे. हे औषध गाळणीतील उपयुक्त जिवाणूंनाही मारक असल्याने मुख्य टाकीत वापरू नये.

तोंडाभोवती राखी-पांढरे चट्टे, पर झिजणे : हे जिवाणूंचे काम होय. तोंडाजवळचे चट्टे बुरशीसारखे भासतात, पण येथे उष्णता वाढविल्यास रोग बळावतो. पाणी रोज अंशतः बदलावे व मीठ द्यावे. प्रतिजैविके मत्स्यतज्ज्ञ अथवा पशुवैद्य यांच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत.

डोळ्यांना दिसणारे परजीवी : मत्स्य-ऊ चपटी व गोल असून ती अंगावर सरकते; नांगरकृमी दोऱ्यासारखा बाहेर लोंबतो. सोनमाशांत हे दोन्ही आढळतात. मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने ते काढावेत. ऊ काचेवर व दगडांवर अंडी घालते. तेव्हा टाकी रिकामी करून उन्हात कडक वाळवावी.

पोट फुगून खवले उभे राहणे : हे जलोदराचे लक्षण होय. या अवस्थेतील मासा क्वचितच वाचतो. त्यास ताबडतोब वेगळे करावे.

औषधाचे मोजमाप

अंदाजाने टाकलेले औषध रोगापेक्षा अधिक मासे मारते. टाकीची लांबी, रुंदी व पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा व १००० ने भागावे. ६० × ३० × ३० सेंटिमीटर पाण्याचे ५४ लिटर होतात. ४० लिटरच्या टबास दर लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ८० ग्रॅम मीठ लागेल. मीठ बिगर-आयोडीनचे जाडे असल्यास उत्तम. ते पाण्यात विरघळवून २४ तासांत तीन वेळा विभागून द्यावे. बिनखवल्यांचे मासे व पाणवनस्पती यांना मीठ सोसत नाही. मिथिलिन ब्लूचे एक टक्का द्रावण असेल, तर याच टबास ८ मिलिलिटर पुरे होते. दोन औषधे एकत्र करू नयेत आणि मोरचुदाचा प्रयोग तर मुळीच करू नये. त्याची गुणकारी व मारक मात्रा यांत फार थोडे अंतर असते.

दोन सावधगिरीच्या सूचना

मासा दिवसेंदिवस वाळत जाणे व पाठीचा कणा वाकणे ही मत्स्यक्षयाची लक्षणे असू शकतात. त्याचे जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतात. हाताला चीर असताना टाकीत हात घालू नये व काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

आजारी अथवा नकोसा झालेला मासा विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात कदापि सोडू नये. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा अशाच टाक्यांतून सुटून देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे व कोळ्यांच्या जाळ्यांना उपद्रव देत आहे. मेलेले मासे खोल खड्ड्यात पुरावेत.

सारांश, चार आठवडे वेगळी ठेवलेली एक टाकी, रोज पाच मिनिटांचे निरीक्षण व एक नोंदवही यांचा खर्च थोडका आहे. पैदाशीचा पुरा कळप गमावण्याचा खर्च मात्र कुटुंबाची वर्षाची मेहनत घेऊन जातो. ज्याने पाणी सांभाळले, त्याने मासा सांभाळला, हे या धंद्याचे मूळ सूत्र होय.