चिखल्यांचा हिशेब: स्वस्त ट्यूब महाग का पडते

पावसाळा लागला की इंदुरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात हा प्रकार बघायला मिळतो. गिऱ्हाईक चपलेतून पाऊल अर्धं बाहेर काढतं आणि म्हणतं, ‘भैया, उंगलियों में खुजली है.’ दुकानदार मागे न वळताच एक ट्यूब काउंटरवर ठेवतो. शंभर रुपयांच्या आसपास काम भागतं आणि दोन दिवसांत खाज थांबते.

खरी अडचण तिथूनच सुरू होते. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड. खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. बुरशी मात्र आत वाढतच राहते. ट्यूब संपली की चिखल्या परत येतात, पुन्हा तीच ट्यूब आणली जाते आणि चार महिन्यांत कातडी पातळ होऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावंच लागतं. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीनेच विकायच्या यादीत टाकली आहेत. काउंटरवर हा नियम किती पाळला जातो, हे तुम्हीच बघता.

बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजल्यासारखी कातडी, खाज आणि थोडा वास एवढंच असेल, तर साधं क्लोट्रिमाझोल एक टक्का पुरतं. जनऔषधी केंद्रात छोटी ट्यूब वीस-पंचवीस रुपयांच्या घरात मिळते. नावाजलेल्या कंपनीची मोठी ट्यूब शंभर ते दीडशेला. औषध तेच. दोन्ही पायांच्या बेचक्यांना सकाळ-संध्याकाळ पातळ थर लावला तर महिन्याला साधारण तीस ग्रॅम लागतं. म्हणजे महिन्याचा खर्च पन्नास ते दीडशे रुपये. खाज आठवड्यात जाते, पण मलम चार आठवडे लावायचं. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते इथे, अर्ध्यावर सोडण्यात. घरात आणखी कुणाला चिखल्या असतील तर त्यांचे उपचारही त्याच वेळी करा.

घरगुती उपाय म्हणून लावतात त्या मेंदीचं विचाराल तर तिने कातडी थोडी कोरडी पडते, बुरशी जात नाही. शिवाय रंगाखाली लाली झाकली जाते आणि जखम चिघळतेय हे उशिरा कळतं.

दोन आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टर गाठा. खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण पाचशे ते आठशे. कातडी खरवडून बुरशीची तपासणी सांगितली तर आणखी शे-दोनशे, आणि ती करून घ्यावीच. कारण पायाला येणारी प्रत्येक दुर्गंधी बुरशीची नसते. दिवसभर बूट घालणाऱ्यांच्या तळव्यांवर बारीक खड्डे पडतात, ते जंतूंमुळे. त्यांचं मलम वेगळं. खर्च परवडत नसेल तर इंदुरातल्या सरकारी एम. वाय. रुग्णालयाच्या चर्मरोग विभागाची ओपीडी आहेच. नाममात्र पैशांची पावती फाडायची, पण सकाळी लवकर पोचायचं आणि रांगेत अर्धा दिवस जाईल हे धरून चालायचं. रोजंदारीवर असाल तर बुडणारी मजुरीही हिशेबात धरा; कधी कधी खासगी डॉक्टरच स्वस्त पडतो.

मधुमेह असलेल्यांनी मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा. बोटांमधली बारीक चीर जंतूंना आत शिरायला पुरते आणि पायाला संवेदना कमी असेल तर दुखतही नाही. पाऊल लाल, गरम झालं, सूज वर चढू लागली किंवा ताप आला, तर मधुमेह असो वा नसो, त्याच दिवशी दवाखान्यात जा. त्या दिवशी बहुधा गोळ्यांवर भागतं. आठवडाभर थांबलात तर भरती व्हायची वेळ येते आणि बिल हजारांत जातं.

नखं पिवळी, जाड, ठिसूळ झाली असतील तर मलमाने फारसं काही होत नाही. पायाच्या नखांसाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या सहसा बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. सगळा खर्च दोन-अडीच हजारांपर्यंत जातो. गोळ्या थांबल्यावरही अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे तीन महिन्यांत ‘गुण आला नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका. निव्वळ दिसण्यासाठी हा खटाटोप करायचा नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

प्रतिबंधाला फारसा पैसा लागत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या मिरवणुकीला रात्रभर ओल्या बुटांत फिरून आलात, किंवा श्रावणात ओंकारेश्वरहून कावड घेऊन चालत आलात, तर आधी पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसा. पायांचा पंचा वेगळा ठेवा. भिजलेल्या बुटांत ‘नईदुनिया’चा जुना अंक चुरगाळून कोंबा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा जोड घाला. सुती मोजे पन्नास ते शंभर रुपयांना जोडी मिळतात. पाच जोड्या असू द्या, उलटे करून उन्हात वाळवा. कपडे घालताना मोजे आधी, चड्डी नंतर. पायाची बुरशी जांघेत जाते ती बऱ्याचदा याच वाटेने, आणि तिथला नायटा आजकाल चटकन हटत नाही. पार्लरमध्ये पेडिक्युअर करत असाल तर नेलकटर घरून न्या.