हाताला आधार

म्हातारं माणूस कुठं पडतं? पुष्कळदा घरातच पडतं. मोरीत, जिन्यावर, उंबऱ्यापाशी. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या चार माणसांमागे निदान एक जण दरसाल पडतो. कुणाचं खुब्याचं हाड मोडतं. मग घराबाहेर जाणंच बंद होतं.

त्या देशात एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त शिक्षिकेनं १९५८ साली वडीलधाऱ्यांसाठी एक संस्था काढली. तिचं नाव एएआरपी. २०१७ पासून ही संस्था नगरपालिकांना आणि सेवाभावी संस्थांना लहान रकमा देते. काम मात्र लवकर पुरं करायचं. त्यातून कुठं बसायला बाक येतात, कुठं सायकलींची वाट सुधारते, कुठं म्हाताऱ्यांची घरं निर्धोक होतात.

रक्कम लहान, पण गुण मोठा. तीन चाकांची सायकल असली तर तोल सांभाळणं सोपं जातं. मोरीत पक्की दांडी असली तर हाताला आधार मिळतो.

आपणही आज घरी मोरी पाहू या. आजी उठताना काय धरते? नळ धरत असेल, तर ध्यानात ठेवू या, नळ हा आधार नव्हे. दांडी येईल तेव्हा येईल. फरशीवरचं शेवाळ तर आजच घासू या. त्याला पैसा लागत नाही.